रॉस्को ब्लेडसो जेवायला येतो

रॉस्को ब्लेडसोला या घरात पाण्याचा घोटही मिळणार नाही, असं व्हर्डेलने शुक्रवारीच जाहीर केलं होतं. आणि शनिवारी संध्याकाळी नेहमीच्या एका कोंबडीऐवजी तीन कोंबड्या ताकात भिजत घातल्या होत्या. "घरच्यांसाठी," ती म्हणाली, कोणी काही विचारलेलं नसताना.

आता रविवारचे साडेबारा वाजत आले होते. चर्चमधून आल्यावर तिने कपडेसुद्धा बदलले नव्हते. निळ्या झग्यावर ॲप्रन चढवून ती चुलीपुढे उभी होती. एका बाजूला कॉलर्डची पालेभाजी डुकराच्या हाडाबरोबर रटरटत होती, दुसऱ्या बाजूला कढईत कोंबडीचे तुकडे तडतडत होते. तेल हातावर उडालं तरी ती हात मागे घेत नव्हती.

तिचा थोरला भाऊ होझिया मागच्या दाराने आला. अडुसष्टाव्या वर्षीही तो चर्चच्या डीकनचा, म्हणजे मानाच्या सेवकाचा, काळा सूट घातला की ताठ व्हायचा.

"मी पायरीवर उभा राहणार," तो म्हणाला. "त्याला गाडीतून उतरू देणार नाही. म्हणेन, बाबा रे, आलास तसा जा."

"नुसता उभा राहा. बोलायला लागलास की तुझी प्रार्थनाच सुरू होते."

"आई असती ना, तर झाडूच काढला असता तिने."

"मला ऐकू येतंय तुमचं!" पुढच्या खोलीतून धाकट्या भावाचा, लॉनीचा, आवाज आला. "मान मोडलीय माझी, कान नाही मोडले."

लॉनीच्या आवाजाला भिंत आड येत नसे. गेली बावीस वर्षं दर शुक्रवारी गावातल्या हायस्कूलच्या फुटबॉल सामन्याचं धावतं वर्णन तोच रेडिओवर करायचा. सामना बघायला आलेले लोकही कानाला रेडिओ लावून बसत. खांद्याखाली त्याला जवळपास काही जाणवत नव्हतं. कोपरं वाकत, मनगट थोडं उचललं जाई, बस. त्या मनगटाच्या जोरावर तो खुर्चीचा दांडा रेटायचा. आता तसाच रेटत तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. दाढी केलेली, पांढरा शर्ट, गळ्याशी लाल टाय. टाय सकाळी व्हर्डेलनेच बांधला होता, तोंडातून चकार शब्द न काढता.

"आई नाही," तो म्हणाला. "आई असती तर मी बोलावलं नसतं. आता मी आहे. घर तिघांच्या नावावर आहे आणि पाहुणा माझा आहे."

"पाहुणा!" व्हर्डेलने चिमट्याने तुकडा इतका जोरात पलटला की तेल चुलीवर सांडलं.

मॅब्रींच्या घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एक्याऐंशी सालचा नोव्हेंबर. दोन कॉलेजांचा सामना, चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलचा, सगळा अलाबामा रेडिओला चिकटलेला. रॉस्को ब्लेडसोला लोक 'मालगाडी' म्हणत. चेंडू बगलेत घेऊन तो धावत सुटला की चारचार जण लोंबकळले तरी थांबत नसे. चौतीस विरुद्ध सहा, चारच मिनिटं उरलेली, सामना केव्हाच जिंकून झालेला. पण वर्षभरात धावून कापलेल्या अंतराचा विक्रम मोडायला त्याला अकरा यार्ड कमी होते. उजवीकडे दोन पावलांवर मैदानाची कडेची रेघ होती. रेघेबाहेर पाय टाकला असता तर खेळ तिथेच थांबला असता. त्याने टाकला नाही. समोर दुसऱ्या संघातला वीस वर्षांचा लॉनी मॅब्री उभा होता. मालगाडीने खांदा खाली केला आणि ती त्याच्या अंगावरून गेली. विक्रम झाला. बँड वाजला. लॉनी गवतावर पडून राहिला.

आईने ही गोष्ट माउंट नेबो चर्चमध्ये, किराणा दुकानात, केस विंचरून घेताना, अनोळखी माणसांना बसथांब्यावर, अशी कुठे कुठे सांगितली होती. सांगता सांगता ती दोन वर्षांमागे, वसंतात, गेली.

केतुरा, होझियाची मुलगी, पाव आणि गोड थंड चहाची बरणी घेऊन आली तेव्हा बापाने तिच्याकडे बघितलंही नाही. माँटगोमेरीत ती शाळेत शिकवायची. ऑगस्टमध्ये तिच्या शाळेत मुलांशी बोलायला त्याच शहरात राहणारा ब्लेडसो आला होता. भाषण संपल्यावर तिने आपलं नाव सांगितलं आणि तो मोठा माणूस मुलांच्या छोट्या खुर्चीत मटकन बसला. 'जिवंत आहे का तो? मला भेटेल का?' एवढंच विचारलं त्याने. तिने ते लॉनीकाकाला सांगितलं. तेव्हापासून घरात दोन तट पडले होते.

"आत्या, मी टेबल लावू?"

"चार ताटं लाव."

"पाच," लॉनी म्हणाला.

केतुराने पाच लावली.

*

गाडी बरोबर एक वाजता आली. रस्त्यापलीकडच्या ओसरीत बसलेले म्हातारे मिस्टर टिबेट ती बघताच उठून उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. व्हर्डेलने ते खिडकीच्या जाळीतून पाहिलं आणि तिचं मस्तक आणखीच फिरलं.

तिला वाटलं होतं, दार भरून टाकेल असा कोणी उतरेल. आईने वर्णनच तसं केलेलं. पण आधी एक काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही. मग दाराची कड धरून एक जाडसर, करड्या दाढीचा माणूस उभा राहिला आणि गुडघ्यांना वेळ देत थांबला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला केक होता.

होझिया ठरल्याप्रमाणे पायरीवर होता. छाती पुढे, हात मागे, भिंतीसारखा.

"मिस्टर मॅब्री," पाहुणा खालूनच म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात तर मी इथूनच परत जाईन."

होझियाने तोंड उघडलं. व्हर्डेल जाळीमागे वाट बघत होती. तिला होझियाची मान दिसत होती; ती मान हळूहळू लाल झाली आणि मग होझिया म्हणाला, "त्र्याण्णव यार्डांची ती धाव... ऐंशी सालची. मी तेव्हा गिरणीत होतो. फोरमनने यंत्रं बंद केली होती ऐकायला."

"होझिया!" व्हर्डेल आतून ओरडली.

पण होझियाचा हात पुढे गेला होता. नंतर कितीतरी दिवस तो सांगत राहिला की तो हात आपोआप गेला. झालं ते झालं. पायरीवरची भिंत पाहुण्याला कोपराला धरून वर चढवत होती.

"या," व्हर्डेल दार उघडून म्हणाली. तिच्या त्या 'या'मध्ये 'जा' स्पष्ट ऐकू येत होतं. "केक तिथे ठेवा. आमच्याकडे गोड आहे."

"हो मॅडम. बायकोने दिला. रिकाम्या हाताने जाऊ नकोस म्हणाली."

"बायका म्हणतात."

लॉनी टेबलाच्या टोकाला होता. रॉस्को दारातच थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. 

"जाडा झालास," लॉनी म्हणाला.

"तू टाय लावलायस."

"तुझ्यासाठी नाही. चर्चसाठी."

"तू चर्चला गेला नव्हतास," केतुरा पुटपुटली, आणि लॉनी हसला. मग रॉस्कोही हसला, पण त्याचं हसू मध्येच मोडलं आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. व्हर्डेल भाजी वाढायला वळली. या माणसाचं रडणं बघायला तिला वेळ नव्हता.

*

होझियाने प्रार्थना म्हटली, लांबलीच ती. जेवण सुरू झालं. व्हर्डेल लॉनीच्या शेजारी बसून एक घास त्याला, एक स्वतःला, असं करत होती. लॉनीच्या हाताला पट्टीने चमचा बांधलेला होता, पण हाडाची कोंबडी त्याला जमत नसे. रॉस्को ताटातल्या कोंबडीकडे बघत होता, खात नव्हता.

"आवडत नाही वाटतं," व्हर्डेल म्हणाली.

"मला आधी बोलू द्या, मिस व्हर्डेल. नाहीतर घास उतरणार नाही." त्याने हात मांडीवर घेतले. हाताची बोटं तिरपी होती, कधीतरी मोडून वेडीवाकडी जुळलेली. "मला रेघ दिसत होती. लोक म्हणतात, अशा वेळी काही दिसत नाही. मला दिसत होती. दोन पावलं. आणि हा दिसत होता, याचा नंबर एकवीस. माझ्या डोक्यात अकरा होते. अकरा यार्ड. मी बाहेर जाऊ शकलो असतो. गेलो नाही. हे मी पेपरवाल्यांना कधी सांगितलं नाही. पत्रांत मात्र लिहिलं होतं."

"कोणाला?" लॉनीने विचारलं.

"तुला. पाकिटावर तुझं नाव असायचं. दर नाताळात. परत यायचं, वर लिहिलेलं असायचं 'घेणार नाही'. म्हटलं, बरोबर आहे. त्यांचा हक्क आहे. तरी पुढच्या वर्षी लिहायचो. एकेचाळीस झाली."

लॉनीने चमच्याचा हात खाली ठेवला. "आईला जाऊन दोन वर्षं झाली," तो म्हणाला.

 होझिया ताटात बघत होता. केतुरा आत्याकडे बघत होती.

"शेवटची दोन मी परत पाठवली," व्हर्डेल म्हणाली.  "आईच्याच अक्षरात. आणि पुन्हा आलं असतं तर पुन्हा पाठवलं असतं."

"माझं पत्र होतं ते, व्हर्डेल."

"तुझे फोड कोण बघतं? तुला ताप आला की गादीशेजारी कोण बसतं? एक पत्र येणार, तू आठवडाभर छताकडे बघत पडणार, आणि निस्तरायचं मी! हो, परत पाठवली. मी तुला वाचवत होते."

"कशापासून?"

"याच्यापासून! याच्या 'मला माफ कर'पासून. चांगलं ठेवायला काही उरलं नव्हतं आपल्याकडे, लॉनी. एवढंच होतं की चूक आपली नव्हती."

 लॉनीने खुर्ची अर्धी वळवून रॉस्कोकडे तोंड केलं.

"मी तुला अडवायला आलोच नव्हतो," तो म्हणाला. रेडिओवरचा आवाज नव्हता तो. "मी तुला मोडायला आलो होतो. त्या सकाळी बसमध्ये पोरांना मी सांगितलं, आज मालगाडी रुळावरून उतरवतो. तुझा डावा गुडघा दुखावलेला होता, पट्टी होती त्याच्यावर. मी सामनाभर तो गुडघा हेरत होतो. प्रशिक्षक घसा कोरडा करून सांगायचे, डोकं खाली घालून घुसू नका, मान जाईल. मी डोकं घातलं खाली. मुद्दाम. गुडघ्यावर नेम धरून. तू जरा वळलास आणि मध्ये मांडी आली."



"तो गुडघा दोन वर्षांनी गेलाच," रॉस्को हळू म्हणाला. "व्यावसायिक संघात. दुसऱ्याच कोणीतरी केलं ते काम."

"ऐकलं होतं रेडिओवर. बरं वाटलं मला. मग कितीतरी दिवस जेवण गेलं नाही."

होझिया ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "आणि हे तू आज सांगतोस? आईने मरेपर्यंत या माणसाला शिव्याशाप दिले! मी चर्चमध्ये उभं राहून..."

"इस्पितळात आई माझ्यावर वाकली," लॉनी म्हणाला. "म्हणाली, त्यानेच केलं ना रे हे? माझ्या तोंडात नळी होती. मी डोळे मिटले. तिने ते 'हो' समजलं. नळी निघेपर्यंत सगळ्या माउंट नेबोला माहीत झालं होतं. मग मी बघितलं, त्या रागावर ती उठते, कामाला जाते, मला आंघोळ घालते. तो राग काढून घेतला असता तर ती कशावर उठली असती? माझ्यावरच्या रागावर?"

"आई म्हातारी होती," व्हर्डेल म्हणाली. "मी तेवीस वर्षांची होते."

आता सगळे तिच्याकडे वळले. तिने हातातला काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला. या रॉस्कोला मनातल्या मनात शिव्या घालत तिने चादरी बदलल्या होत्या, लघवीच्या पिशव्या रिकाम्या केल्या होत्या, खांदे भरून आले तरी लॉनीला दुसऱ्या कुशीवर वळवलं होतं. शिवी घातली की हातात जोर यायचा. तो जोर कुठून यायचा हे आज टेबलावर उघडं पडलं होतं, कोंबडीच्या हाडांसारखं.

"बर्मिंगहॅमला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती मला," ती म्हणाली. "जानेवारीपासून. तुला माहीत होतं, लॉनी."

"माहीत होतं."

"मला मागणी घालणारा एलिस डेट्रॉइटला गेला तेव्हा मी स्टेशनवरसुद्धा गेले नाही. तुझी वळवायची वेळ झाली होती."

"माहीत आहे."

"आणि तू डोळे मिटलेस. एकदा नाही. चाळीस वर्षं."

"हो." लॉनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हाताला चमचा बांधलेला, पुसता येत नव्हतं. एरवी ती लगेच रुमाल पुढे करायची. आज केतुराने पुसलं. "मी माफी मागतो, व्हर्डेल. याच्यासाठीच बोलावलं मी याला. एकट्याने सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, हा समोर बसला की मला खोटं बोलता येणार नाही."

व्हर्डेल उठली. "मीही तुझी पत्रं चोरली," ती म्हणाली. "त्याची मी माफी मागते. पण फिटलं असं म्हणणार नाही. दोन पाकिटं आणि चाळीस वर्षं सारखी नसतात. तुझी माफी मी ऐकून ठेवलीय. आज देणार नाही."

"बरं."

"उद्याही कदाचित देणार नाही."

"बरं."

ती मागच्या ओसरीवर गेली. कुंपणापलीकडे कापसाचं शेत पांढरं झालं होतं, आणि कागदगिरणीचा तो कुबट वास वाऱ्यावर येत होता. ती रडली नाही. तिने स्वतःला रडायची परवानगी दिली, वाट पाहिली, पण रडू आलं नाही. त्याऐवजी तिला आठवलं की सप्टेंबरपासून तिचा डावा खांदा वर जात नाहीये आणि ती ते कोणाला बोलली नाहीये. बोलायचं कशाला? दुसरं होतं कोण? होझियाला डीकनची कामं होती. केतुरा ऐंशी मैलांवर. कोणाला कधी विचारलंच नव्हतं तिने. विचारायचं नाही, हाच तिचा मान होता.

मनगटावरचं घड्याळ वाजलं. दोन. लॉनीला खुर्चीतून काढून गादीवर कुशीला झोपवायची वेळ.

*

ती आत आली तेव्हा रॉस्को काठी घेऊन उभा होता. "मी निघतो, मिस व्हर्डेल. तुमच्या घरात मी पुरेसं..."

"बसा," ती म्हणाली. "नाही, बसू नका. हात धुवा. कोपरापर्यंत. साबण तिथे आहे."

"मॅडम?"

"तुम्हाला चाळीस वर्षं काहीतरी करायचं होतं ना? पत्रं लिहून झाली. आता काम करा."

"व्हर्डेल, मी करतो की," होझिया पुढे झाला.

"तू एवढ्या वर्षांत केलं नाहीस, आज पाहुण्यापुढे नको. तू भांडी घास."

 केतुराने होझियाच्या हातात ॲप्रन दिला.

लॉनीच्या खोलीत छतावरून पट्ट्यांचा झोळणा लोंबत होता. व्हर्डेलने रॉस्कोला दाखवलं, पट्टा कुठून घ्यायचा, आकडा कसा अडकवायचा, बटण दाबल्यावर पाय कुठे जातात ते कसं बघायचं.  लॉनी हवेत उचलला गेला तेव्हा म्हणाला, "चेंडू धरायचास तसा धरू नकोस, माणूस आहे मी."

"गप्प बस," व्हर्डेल आणि रॉस्को एकदमच म्हणाले.

गादीवर ठेवल्यावर तिने रॉस्कोचे दोन्ही हात धरून जागा दाखवली. "एक खांद्यामागे. एक कमरेखाली. दोन्ही एकदम ओढायचे. आधी खांदा ओढलात तर पाठ पिळवटते. त्याला दुखणार नाही, म्हणून तुम्हालाच कळायला हवं. ओढा."

रॉस्कोने ओढलं. गुडघे कटकट वाजले. लॉनी कुशीवर वळला, जरा जास्तच, आणि तिने त्याला सरळ केलं. मग पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला न टेकता. माकडहाडाजवळची कातडी तिने दाखवली. "इथे लाल दिसलं आणि बोटाने दाबून पांढरं झालं नाही, तर मला सांगायचं. तेव्हाच. नंतर नाही."

"तेव्हाच," तो म्हणाला. त्याला दम लागला होता, आणि चेहरा घामाने भिजला होता. "आणखी काय?"

"दर दोन तासांनी. पिशवी बाथरूममध्ये कशी रिकामी करायची ते आता दाखवते. गुरुवारी दहाला या. माँटगोमेरीहून दीड तास लागतो, म्हणजे साडेआठला निघा. केक आणू नका."

"दर गुरुवारी?"

"मी विचारत नाहीये, मिस्टर ब्लेडसो."

रॉस्कोने लॉनीकडे पाहिलं. लॉनी भिंतीकडे तोंड करून झोपला होता, पण त्याचे कान टवकारलेले होते.

"येईन," रॉस्को म्हणाला.

*

गुरुवारी तो साडेनऊलाच आला. व्हर्डेलने त्याच्याकडून सगळं एकदा करून घेतलं, मग दुसऱ्यांदा करून घेतलं. दुसऱ्या वेळी तिने हात पाठीमागे बांधले होते. ती पर्स घ्यायला वळली तेव्हा लॉनीने विचारलं, "कुठे जाणार?"

"आधी खांदा दाखवायला. मग अजून ठरायचंय."

"किती वाजता येशील?"

"आल्यावर कळेल."

तिने गाडी सुरू केली तेव्हा रॉस्को काठीशिवाय, दाराची कड धरत धरत पायरीपर्यंत धावत आला. म्हणजे त्याच्या हिशेबाने धावतच. हातात तिचा फोन होता, उंच धरलेला.

"मिस व्हर्डेल! तुमचा फोन राहिला टेबलावर!"

तिने काच खाली केली.

"राहिला नाही," ती म्हणाली. "ठेवलाय."

आणि तिने गाडी रस्त्यावर घेतली.